निन्टेंडोचा ओएलईडी स्विच (हातात धरून किंवा टीव्हीला जोडून खेळायचा गेम कन्सोल) आहे. स्विच २ घ्यावा का?

डेक्कन क्वीनने पुण्याहून मुंबईला तीन तासांच्या वर लागतात. २०२१चा ओएलईडी स्विच तेवढं आरामात खेचतो. त्याची बॅटरी साडेचार ते नऊ तास चालते. जून २०२५मध्ये आलेल्या स्विच २ची दोन ते साडेसहा, म्हणजे जड गेम लावलात तर दादरच्या आधीच मान टाकेल!

स्क्रीन नव्याचा मोठा, ७.९ इंची, १०८०पी, पण एलसीडी. जुन्याचा ७ इंची, ७२०पीच, पण ओएलईडी; त्यामुळे अंधाऱ्या दृश्यातला काळा रंग त्याचाच खरा.

स्टोरेज ६४ऐवजी २५६ जीबी. पुण्यातल्या तापकीर गल्लीतून आणलेलं साधं मायक्रोएसडी कार्ड मात्र नव्यात गेम साठवायला चालत नाही, 'मायक्रोएसडी एक्सप्रेस' प्रकारचं वेगवान कार्डच लागतं. हा खर्च कुणी धरत नाही.

टीव्हीला जोडून ४केमध्ये खेळणार असाल किंवा फक्त स्विच २वर चालणारा 'मारिओ कार्ट वर्ल्ड' हा गेम हवाच असेल, तर घ्या. प्रवासापुरता जुनाच बरा.