अपिलाच्या नावाखाली माझे 20,000 गेले आणि मुदतही

खान्देशातल्या एका शहरात बसस्टँडकडच्या रस्त्यावर मी 9 वर्षांपासून लोटगाडी लावते. थंडीत भरीत आणि कळण्याची भाकरी, बाकी वर्षभर शेवभाजी. ज्या आठवड्यात आमच्या रस्त्यावर पथविक्रेत्यांचं सर्वेक्षण झालं, त्याच आठवड्यात सासूबाईंच्या आजारपणामुळे मी पारोळ्याला होते. गाडी बंद, त्यामुळे यादीत नाव नाही. पुढे मी स्वतःहून विक्रीच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज केला. दोन सर्वेक्षणांच्या मधल्या काळात असा अर्ज करता येतो. तो नामंजूर झाला. पत्रात दोन कारणं होती, सर्वेक्षणात नोंद नाही आणि त्या भागात आणखी गाड्यांना जागा नाही. खाली लिहिलं होतं की या निर्णयावर मुदतीत अपील करता येईल.

हे पत्र हातात घेऊन मी कार्यालयाच्या जिन्यात उभी होते, तिथेच तो भेटला. चाळिशीचा, हातात फायलींचा गठ्ठा, बोलणं एकदम गोड. "ताई, नामंजूर झालं ना? काळजी करू नका. मी समितीतला फेरीवाल्यांचा प्रतिनिधी. माझ्या हातून असे कितीतरी अपील पास झाले." शेजारच्या चहावाल्याशी तो नावानिशी बोलला, म्हणून मला तो ओळखीतलाच वाटला. चहावाल्याला नंतर विचारलं तर तो म्हणाला, रोज चहा प्यायला येतो, यापलीकडे माहिती नाही.

पैसे त्याने एकदम मागितले नाहीत, आणि तिथेच मी अडकले. आधी फॉर्म आणि टायपिंगचे 2,000. मग समितीतल्या लोकांसाठी 6,000. हे दोन्ही फोनवरून पाठवले. शेवटी 12,000 रोख, ते "सुनावणी टाळण्यासाठी". म्हणाला, "तुम्ही समोर आलात तर साहेब उलटसुलट विचारतील, तुमच्या तोंडून काही वेगळं निघालं तर केस गेली." मला खरंच भीती वाटली. साहेबांसमोर बोलायची सवय नाही. बचत गटातून उचल घेऊन मी ते 12,000 दिले. नामंजुरीचं मूळ पत्रही त्याने "फाइलला लावायला" नेलं. मी झेरॉक्ससुद्धा काढून ठेवली नव्हती.

दीड महिन्याने त्याने प्लास्टिकच्या कव्हरातलं प्रमाणपत्र आणून दिलं. फोटो माझा, शिक्का गोल, वर नंबर. मी गाडीवर देवाच्या फोटोशेजारी लावलं. 3 आठवड्यांनी अतिक्रमणची गाडी आली. मी मोठ्या विश्वासाने प्रमाणपत्र पुढे केलं. त्यांच्यातल्या एका कर्मचाऱ्याने फोनवर नंबर विचारून घेतला आणि हळूच म्हणाला, "हाऊ नंबर तुमना नही, ताई." तो नंबर एका चप्पल विकणाऱ्याचा होता. गाडी, शेगडी, पातेली सगळं गेलं. त्या दिवशी भाजलेली 5 किलो वांगी पातेल्यातच होती.

मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढे. एका वकीलबाईंनी 2014 चा पथविक्रेता कायदा समोर ठेवून मला एकेक गोष्ट समजावली, तेव्हा कळलं की त्या माणसाचं प्रत्येक वाक्य तपासता आलं असतं.

अपील समितीकडे जातच नाही. प्रमाणपत्र द्यायचं की नाही हे नगर पथविक्रेता समिती ठरवते आणि तिच्याच निर्णयाविरुद्धचं अपील महापालिकेकडे किंवा नगरपालिकेकडे होतं. मग "समितीतल्या लोकांसाठी" 6,000 कशाला? समितीत किमान 40 टक्के सदस्य फेरीवाल्यांतून निवडून आलेले असतात, हे खरं. पण म्हणूनच त्यांची नावं लपलेली नसतात. मी कार्यालयात नुसतं विचारलं असतं तरी हा माणूस त्यात नाही हे कळलं असतं. आणि सुनावणी! आपलं म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय अपील निकाली काढता येत नाही, असं कायद्यात स्पष्ट आहे. ज्या गोष्टीने माझं काम झालं असतं, तीच टाळण्यासाठी मी 12,000 मोजले.

माझ्याकडे सांगण्यासारखं नव्हतं असंही नाही. रोजच्या बाजार वसुलीच्या 9 वर्षांच्या पावत्या मी डब्यात जपून ठेवल्या होत्या. सर्वेक्षणाच्या वेळी मी का नव्हते, याला सासूबाईंचे दवाखान्याचे कागद होते. त्याने यातलं काहीच मागितलं नाही. आता वाटतं, तेव्हाच मनात शंका यायला हवी होती. ज्याला खरंच अपील लिहायचं असतं तो आधी पुरावे विचारतो.

चौकशी केली तर माझ्या नावाने अपील दाखलच नव्हतं, आणि मुदत संपून गेली होती. पैशांपेक्षा हे नुकसान मोठं. पैसे भाकऱ्या थापून फिटतील.

पोलिसांत फसवणूक आणि खोट्या कागदाची तक्रार दिली आहे. फोनवरून गेलेल्या 8,000 चा पुरावा आहे, म्हणून 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवरही कळवलं, पण उशीर झाला होता. असं काही झालं तर त्याच दिवशी, त्याच तासाला फोन करा. रोख 12,000 ला साक्षीदार कुणी नाही. नामंजुरीच्या पत्राची प्रत माहिती अधिकारात 10 रुपये भरून पुन्हा मिळवली. मग वकीलबाईंच्या मदतीने अपील लिहिलं, उशीर का झाला याचा वेगळा अर्ज आणि पोलीस तक्रारीची प्रत जोडली. आवक विभागात दिलं आणि माझ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घेतला. सगळा खर्च मिळून 300 रुपयांच्या आत.

जप्तीबद्दलही सांगते, कारण तिथेही लोक दलालाकडेच धावतात. माल उचलला तर सहीनिशी यादी मागा. नाशवंत माल आपण मागणी केली त्याच दिवशी आणि बाकीचा कामाच्या 2 दिवसांत परत द्यायचा, असा नियम आहे. दंड भरला की पावती घ्या. मला हे माहीत नव्हतं, म्हणून वांगी तिथेच सडली.

आमच्या रस्त्यावरच्या आणखी दोघींना त्याच माणसाने गाठलं होतं. एकीने 5,000 दिले होते, पण मूळ पत्र दिलं नव्हतं. तिची मुदत अजून 6 दिवस बाकी होती, म्हणून आम्ही तिघी मिळून तिचं अपील त्याच आठवड्यात दाखल केलं. तिच्या सुनावणीची तारीख आली आहे. माझं अपील दाखल करून घेतात की नाही, ते अजून कळायचं आहे. पावत्या मात्र मी सालाप्रमाणे लावून, दोऱ्याने बांधून ठेवल्या आहेत.