‘पीसफुल ईझी फीलिंग’ आणि ईगल्सची पहिली एलपी

कंट्री रॉकमधल्या, म्हणजे अमेरिकी ग्रामीण संगीताचा बाज असलेल्या रॉकमधल्या, प्रेमगीतांचा विषय निघाला की ‘पीसफुल ईझी फीलिंग’चे नाव पहिल्या काही गाण्यांत येतेच. ईगल्स या अमेरिकन बँडचे हे गाणे बहुतेकांनी 1976 साली निघालेल्या, त्यांच्या गाजलेल्या गाण्यांच्या संग्रहातून ऐकलेले असते आणि तेथे ते एकापाठोपाठ एक येणाऱ्या गाजलेल्या गाण्यांपैकी एक म्हणून कानांवरून निघून जाते. या गाण्यामागची हकीकत ठाऊक झाल्यावर मात्र ते 1972 च्या पहिल्या एलपीवर (मोठ्या तबकडीवर), म्हणजे जेथे त्याचा जन्म झाला तेथेच ऐकावे असे मला ठामपणे वाटते आणि म्हणूनच हे परीक्षण त्या एलपीचे आहे.

हे गाणे ईगल्सपैकी कोणी लिहिलेले नाही. ते सॅन डिएगोच्या जॅक टेम्पचिनचे. कॉफीहाउसांमधून गिटार घेऊन गाणाऱ्या या तरुणाला एकदा एल सेंट्रो येथे कार्यक्रम मिळाला. एल सेंट्रो हे कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाला, मेक्सिकोच्या सीमेजवळ, समुद्रसपाटीच्याही खाली वसलेले वाळवंटातले लहान शहर. तेथे वाढपाचे काम करणारी एक मुलगी त्याला आवडली, तिच्याशी बोलणेही झाले. पण कार्यक्रम संपल्यावर ती आपल्या घरी निघून गेली आणि टेम्पचिनला ती रात्र क्लबच्या जमिनीवर झोपून काढावी लागली. त्याच रात्री, आपल्याच कार्यक्रमाच्या जाहिरातीच्या कागदामागे, त्याने या गाण्याच्या पहिल्या ओळी लिहिल्या. पुढे सॅन डिएगोच्या ओल्ड टाउन भागातल्या रस्त्यावरच्या जत्रेत त्याला सावळ्या वर्णाची, चमकदार कर्णफुले घातलेली एक मुलगी दिसली आणि गाण्याला त्याचे पहिले चित्र मिळाले. शेवटचे कडवे त्याने हॉटडॉग विकणाऱ्या एका साध्या दुकानात बसून पुरे केले. हे सारे टेम्पचिनने स्वतः मुलाखतींमधून सांगितलेले आहे.

या हकीकतीतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी, की गाण्यातली प्रेयसी ही कोणी एक स्त्री नाही. एक निघून गेलेली आहे, दुसरी केवळ दिसलेली आहे आणि वाळवंटातली ताऱ्यांनी भरलेली रात्र ही तर निव्वळ कामना आहे. नकार मिळालेल्या माणसाने तक्रारीचे गाणे लिहिले असते तर ते स्वाभाविकच ठरले असते. टेम्पचिनने तसे केले नाही. मिळाले तर उत्तम, न मिळाले तरी मी कोसळणार नाही, कारण मी आधीच जमिनीवर उभा आहे, असा त्याच्या धृपदाचा भाव आहे. त्यातल्या शांततेला अपेक्षाभंगाची बाजू आहे, म्हणून ती खोटी वाटत नाही. तिसऱ्या कडव्यात ही स्त्री आपल्याला प्रेयसी आणि मैत्रीण म्हणून लाभेल असे त्याला वाटते, आणि त्याच दमात ती कदाचित पुन्हा दिसणारही नाही, असे दुसऱ्या कानात कोणीतरी कुजबुजते. इतकी अनिश्चितता मान्य करूनही प्रसन्न राहणारी प्रेमगीते फार थोडी आहेत.

गाणे ईगल्सकडे आले ते ग्लेन फ्रायमुळे. फ्राय आणि त्याचा मित्र जे. डी. साउदर सॅन डिएगोच्या कॉफीहाउसमध्ये गायला येत, तेव्हापासून त्यांची टेम्पचिनशी ओळख होती. पुढे लॉस एंजेलिसमध्ये गायक-गीतकार जॅक्सन ब्राउनच्या घरी टेम्पचिन हे गाणे वाजवत असताना फ्रायच्या कानांवर पडले आणि त्याने ते लगेच कॅसेटवर उतरवून घेतले. आपला नवा बँड जमून आठच दिवस झाले आहेत, असे त्याने तेव्हा सांगितले होते. दुसऱ्याच दिवशी तो बँडने वाजवलेली आवृत्ती घेऊन परत आला. या बँडमधले चौघेही आपापल्या परीने मुरलेले होते. फ्राय डेट्रॉइटचा, तर ड्रम वाजवणारा डॉन हेन्ली टेक्ससचा. बेस गिटार वाजवणारा रँडी माइझनर ‘पोको’मधून आलेला, आणि बर्नी लेडन ‘फ्लाइंग बुरिटो ब्रदर्स’मधून. कंट्री संगीताची खरी बैठक लेडनची होती आणि या गाण्यात ती पदोपदी जाणवते.

ध्वनिमुद्रण झाले ते मात्र वाळवंटापासून फार दूर, लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत, 1972 च्या सुरुवातीला. निर्माता ग्लिन जॉन्स. रोलिंग स्टोन्स, द हू आणि लेड झेपेलिन यांच्याबरोबर काम केलेल्या जॉन्सला हा बँड आरंभी मुळीच भावला नव्हता. तालमीत एका अकूस्टिक गिटारच्या साथीने चौघांचे आवाज एकत्र ऐकले, तेव्हा त्याचे मत पालटले. स्टुडिओत त्याने मद्य आणि अमली पदार्थांना बंदी घातली, ड्रमसाठी नेहमीप्रमाणे मोजकेच माईक लावले आणि आवाजांना पुढे जागा दिली. फ्राय व हेन्ली यांना अधिक जोरकस रॉक हवे होते आणि पुढे याच मतभेदातून ते जॉन्सपासून वेगळे झाले. इतर गाण्यांपुरती त्यांची तक्रार रास्त असेलही; या गाण्यापुरता मी निःसंकोचपणे जॉन्सच्या बाजूचा आहे.

ऐकताना पहिले लक्ष जाते ते अकूस्टिक गिटारकडे. उजव्या हाताचा आघात हलका आहे, तारा दोन स्वरमेळांमध्ये निवांतपणे ये-जा करतात आणि ताल कोठेही पुढे रेटला जात नाही. त्यावर लेडनची इलेक्ट्रिक गिटार येते. तिच्यातला एखादा स्वर मध्येच ताणला जाऊन वरच्या स्वराला भिडतो, पेडल स्टीलवर, म्हणजे कंट्री संगीतातल्या आडव्या ठेवून वाजवायच्या गिटारवर, भिडतो तसा. ही किमया बी-बेंडर या यंत्रणेची आहे. बर्ड्स या बँडमधल्या क्लॅरन्स व्हाइट आणि जीन पार्सन्स यांनी ती घडवली. खांद्यावरच्या पट्ट्याला जोडलेली तरफ गिटार खाली दाबताच दुसरी तार एका पूर्ण स्वराने चढवते. फ्राय हा ताकदीचा गायक म्हणून कधी ओळखला गेला नाही, पण येथे त्याने आवाज चढवण्याचा मोह टाळला आहे, आणि धृपदात इतरांचे सूर मिसळतात तेव्हाही शब्द त्याच्याच हातात राहतात. माइझनरचा उंच सूर तर इतका बेमालूम बसला आहे, की तो वेगळा काढून ऐकायला कान लावावा लागतो.

एलपीवरच्या उरलेल्या गाण्यांबद्दल थोडक्यात सांगतो. ‘टेक इट ईझी’ने सुरुवात होते आणि तिच्यात खोट काढण्याजोगे काही नाही. ‘विची वूमन’ वेगळ्या, गडद रंगाचे आहे आणि ‘ट्रेन लीव्ह्ज हिअर धिस मॉर्निंग’ हे लेडनचे गाणे फार सुंदर आहे. ‘चग ऑल नाइट’ मला भरतीचे वाटते. एकूण दहा गाणी आणि जेमतेम 37 मिनिटांचा हा ऐवज आहे. यातून स्वतंत्रपणे निघालेल्या तीन गाण्यांत (सिंगल्समध्ये) ‘पीसफुल ईझी फीलिंग’ अमेरिकेच्या बिलबोर्ड या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत 22व्या क्रमांकापर्यंतच पोहोचले, ‘विची वूमन’ 9व्या आणि ‘टेक इट ईझी’ 12व्या क्रमांकापर्यंत. लोकांच्या मनातले ‘पीसफुल ईझी फीलिंग’चे आजचे स्थान त्या आकड्यावरून मुळीच ओळखता येणार नाही.

आता वस्तू म्हणून या एलपीविषयी. वेष्टनावरचे वाळवंटाचे चित्र गॅरी बर्डनच्या मांडणीचे आणि हेन्री डिल्ट्झच्या छायाचित्रणाचे असून त्यासाठी सगळे जोशुआ ट्रीच्या परिसरात रात्र काढायला गेले होते. हे वेष्टन उघडून भित्तिचित्रासारखे पसरता यावे अशी मूळ कल्पना होती, पण तबकड्या काढणाऱ्या असायलम कंपनीचा प्रमुख डेव्हिड गेफन याने ते चिकटवून बंद करायला लावले. त्यामुळे जुनी प्रत हाताळताना ते जोराने उघडण्याचा प्रयत्न करू नये. जोड फाटतो आणि प्रतीचे मोल उतरते.

दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे. हे गाणे दुसऱ्या बाजूवर शेवटून दुसरे आहे, म्हणजेच तबकडीच्या मध्याकडे झुकलेले. तबकडी मिनिटाला 33⅓ फेरे घेत असली, तरी सुईखालून सरकणारी खाच बाहेरच्या कडेला सेकंदाला सुमारे 50 सेंटिमीटर जाते आणि आतल्या टोकाला तो वेग 20च्या आसपास उतरतो. तेवढीच माहिती कमी जागेत कोंबली जात असल्यामुळे ‘स’कार चरचरतात आणि गिटारच्या तारांची झळाळी मंदावते, आणि या गाण्याची तर सारी मदार त्या झळाळीवरच आहे. जुनी प्रत घ्यायची असल्यास आधी हेच गाणे लावून पाहावे. पूर्वीच्या मालकाने झिजलेली सुई वापरली असेल तर ती झीज येथे सर्वांत आधी ऐकू येते. काट्रिज (सुई धरणारा भाग) नीट जुळवलेले असेल आणि प्रत चांगली असेल, तर दोष नाममात्र उरतो.

संग्रह घेऊन ही अडचण टळेल असे मात्र समजू नये, कारण 1976 च्या एलपीवरही हे गाणे नेमके त्याच जागी, दुसऱ्या बाजूवर शेवटून दुसरे आहे. तो संग्रह अमेरिकेत प्लॅटिनमचे, म्हणजे दहा लाख प्रतींच्या विक्रीचे, प्रमाणपत्र मिळवणारा पहिलाच अल्बम ठरला आणि 2018 साली त्याची नोंद 38 पट प्लॅटिनम अशी झाली, त्यामुळे त्याच्या जुन्या प्रती सहज सापडतात. केवळ ओळखीची गाणी हवी असणाऱ्याने तो जरूर घ्यावा. या एका गाण्यासाठी ईगल्सकडे वळणाऱ्याला मी पहिली एलपीच सुचवेन, आणि सुईची कटकट नको असेल तर तिचीच सीडी. तिच्यावर लेडनची ताणलेली तार अगदी स्वच्छ ऐकू येते.