‘सगळ्या बीटल सारख्याच’ म्हणणाऱ्यापासून सावध: स्टिअरिंग बॉक्सच्या व्यवहारात मला कसं गंडवलं

‘बीटल ना साहेब? कुठल्याही सालची असू दे, खालचा माल एकच.’ असं जो विक्रेता म्हणेल त्याच्याकडून साधा नटसुद्धा घेऊ नका. मला हे वाक्य 48,000 रुपयांना पडलं, आणि वर माझ्याच गाडीचा एक दुर्मीळ पार्ट गेला. विकणारा अजून धंद्यात आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. नाव लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. पण पद्धत कळली की माणूस ओळखू येईल.

आधी गाडीबद्दल. फोक्सवॅगन बीटल, राइट हँड ड्राइव्ह. मूळ मालक केनियात नोकरीला होते, परतताना त्यांनी ती बोटीनं मुंबईला उतरवली. आरसी बुकात साल 1968. चेसिस नंबर मात्र 119 ने सुरू होतो, आणि खरी मेख तिथेच आहे. फोक्सवॅगनचं मॉडेल-वर्ष जानेवारीत बदलत नसे, कारखान्याची उन्हाळी सुट्टी संपली की ऑगस्टमध्ये बदलायचं. 1964 च्या ऑगस्टपासून चेसिस नंबरातला तिसरा आकडाच मॉडेल-वर्ष सांगतो. 115 म्हणजे 1965, 118 म्हणजे 1968, 119 म्हणजे 1969. म्हणजे माझी गाडी बनली 1968 साली, पण मॉडेल 1969 चं. मागचं सीट उचललं की मधल्या बोगद्यावर हा नंबर ठोकलेला दिसतो. बीटलवाल्यांनी आधी तो बघावा, आरसी नंतर.

वरून बघणाऱ्याला बीटल म्हणजे बीटलच. तोच घुमट, तेच गोल फेंडर. खाली मात्र जवळजवळ दर ऑगस्टला काहीतरी बदललेलं असतं. 1961 च्या ऑगस्टला वर्म-रोलरचा स्टिअरिंग बॉक्स आला. (बॉक्स म्हणजे चाकाचं फिरणं टायरपर्यंत नेणारी पेटी, वर्म म्हणजे तिच्यातला आट्यांचा दांडा.) 1965 च्या ऑगस्टला पुढची चाकं ज्यांवर वळतात ते किंग पिन गेले आणि बॉल जॉइंट आले. 1967 च्या ऑगस्टला अपघातात दबणारा कॉलम, म्हणजे स्टिअरिंगच्या चाकाखालचा दांडा, आला. त्याआधीचा सरळसोट दांडा समोरून धडक बसली तर थेट छातीवर यायचा. 1968 च्या मध्याला टाय रॉड एंडची, म्हणजे बॉक्सपासून पुढच्या चाकांपर्यंत जाणाऱ्या दांड्यांच्या टोकांची, पिन जाड झाली. नंतर आलेल्या सुपर बीटलची तर पुढची अख्खी बांधणीच वेगळी, आणि 1974 च्या ऑगस्टपासून तिला बॉक्सऐवजी दातेरी पट्टीचं रॅक अँड पिनियन. बाहेरून तीच आणि आतून वेगळी, या फटीवरच काही लोकांची दुकानं चालतात.

पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना आता ‘व्हीए’ म्हणजे विंटेज गाडीचा नंबर मिळतो, तो घ्यायचा माझा विचार होता. त्यासाठी गाडी नीट करायला काढली आणि स्टिअरिंगचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, डोळ्यावर आला. चाक बरंच फिरवलं तरी टायर हलायचं नाव घेईनात. बॉक्सवर एक अ‍ॅडजस्टिंग स्क्रू असतो, तो आवळून बघितला. पण जुन्या बॉक्सचा वर्म मधोमध झिजलेला असतो, कारण गाडी आयुष्यभर सरळच जास्त चालते. मधल्या जागी घट्ट केला की वळणावर बॉक्स जाम होतो, वळणावर मोकळा ठेवला की मध्ये प्ले राहतो. मिस्त्रींनी दोन्ही करून पाहिलं आणि म्हणाले, ‘याला उघडून रिपेअर करू, नाहीतर दुसरा बघा.’

उघडायला हवा होता तो बॉक्स त्यांनीच, हे आता सगळेच सांगतात. पण तेव्हा समोर ‘दुसरा’ होता. मुंबईतला एक विक्रेता, विंटेज गाड्यांच्या पार्टसाठी बऱ्यापैकी नाव असलेला. फोनवर गोड. मी चेसिस नंबर कळवला, राइट हँड ड्राइव्ह म्हणून दोनदा लिहिलं, मिस्त्रींनी सांगितलेलं टाय रॉड एंडचं मापही कळवलं. त्यानं बॉक्सचा फोटो पाठवला. त्यावर पार्ट नंबरचे पहिले तीन आकडे स्पष्ट: 114. हे बरोबर होतं. फोक्सवॅगनच्या जुन्या पद्धतीत 113 म्हणजे लेफ्ट हँड ड्राइव्ह बीटल आणि 114 म्हणजे राइट. जे पार्ट त्या त्या बाजूपुरतेच बनत, त्यांच्या नंबरातही हा फरक दिसतो. ‘जर्मनीचा, डब्यातला, एकदाही न बसवलेला’ असं त्यानं लिहूनही दिलं. सोबत टाय रॉडचा जोड, एंडसह.

शिवाय एक सुंदर हस्तिदंती रंगाचं स्टिअरिंगचं चाक आणि 1967 च्या आधीचा कॉलमही गळ्यात मारायचा त्याचा प्रयत्न होता. ‘साहेब, विंटेज लुक येतो, आणि दांडा बघा किती मजबूत.’ मजबूत आहे हाच तर त्याचा दोष. ते मी घेतलं नाही.

मग अट आली. ‘जुना बॉक्स आधी पाठवा. एक्सचेंजमध्ये किंमत कमी लावतो. भंगारच आहे तुमचा, पण कंपनीला जमा दाखवावा लागतो.’ बॅटरी, क्लच प्लेट, अल्टरनेटर यांना जुना माल जमा करायची आपल्याकडे रीतच आहे, त्यामुळे यात वावगं काही वाटत नाही. पण जरा थांबून विचार करा. जी कंपनी हा बॉक्स कित्येक वर्षं बनवतच नाही, तिला जुना जमा कशाला हवा? राइट हँड ड्राइव्हच्या बीटल एकूणातच कमी बनल्या. ब्राझीलसारख्या देशात, जिथे ही गाडी जर्मनीत बंद झाल्यावरही बनत राहिली, तिथे बहुतेक सगळ्या लेफ्ट. त्यामुळे बाजारात नवा म्हणून जो बॉक्स मिळतो तो बहुधा लेफ्टचा. उजव्या हाताचा झिजलेला का होईना, पण अस्सल बॉक्स म्हणजे सोनं. रिपेअर होतो, विकला जातो. या व्यवहारात त्याला माझ्या पैशांपेक्षा माझा जुना बॉक्स हवा होता, हे चित्र नंतर पूर्ण झालं.

पार्सल आलं. बॉक्स काळ्या रंगात चकचकीत. मिस्त्री काही बोलले नाहीत, थिनरचा बोळा घेऊन घासायला लागले. रंग उतरला तसे ग्राइंडरचे बारीक ओरखडे दिसायला लागले, सगळे एकाच दिशेला, नेमके नंबराच्या जागी. त्या घासलेल्या पट्ट्यावर 114 हे आकडे हातपंचानं ठोकलेले: 4 थोडा तिरका, एक 1 दुसऱ्यापेक्षा खोल. कारखान्यातले आकडे असे नाचत नाहीत. अजून घासलं तर खालच्या अंगाला ओतकामातली उठावदार अक्षरं निघाली, अर्धी छिलून गेलेली. ‘BRASIL’ (म्हणजे ब्राझील) यातली शेवटची तीन तेवढी शाबूत होती. रंग चढवणाऱ्यानं तिथे जरा कंटाळा केला असावा.

मिस्त्रींनी तो बीमवर, म्हणजे पुढच्या अ‍ॅक्सलवर, धरून दाखवला. कसाही फिरवा, शाफ्टची आणि कॉलमची रेष जुळेना. डाव्या पायात उजवी चप्पल. फोटोतला बॉक्स आणि हा बॉक्स एक नव्हेच.

टाय रॉडची गोष्ट याहून भयंकर, कारण बॉक्स निदान बसतच नव्हता; टाय रॉड बसले असते. एंडच्या पिना बारीक होत्या, जुन्या मापाच्या. माझ्या गाडीच्या नकलमधलं, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या वळणाऱ्या भागातलं, भोक जाड पिनेचं. आणि पार्सलमध्ये प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत पितळेच्या चार बारक्या नळ्या, लेथवर काढलेल्या. वर चिठ्ठी: ‘स्लीव्ह घालून टाइट करणे.’ मिस्त्रींनी एक नळी चिमटीत धरून उजेडात बघितली आणि परत पिशवीत टाकली.

ज्यांना यातला धोका लक्षात येणार नाही त्यांच्यासाठी सांगतो. टाय रॉड एंडची पिन निमुळती असते आणि भोकही तितकंच निमुळतं. नट आवळला की पिन भोकात घट्ट रुतते, धातूला धातू पूर्ण टेकतो. भार त्या टेकलेल्या अंगावर असतो. नट फक्त धरून ठेवायला. मध्ये मऊ पितळ घातलं की ते खड्ड्याखड्ड्याला चेपतं, पिन सैल होते, हलायला लागते आणि नटाच्या आट्यांजवळ वाकत वाकत एक दिवस तुटते. एक टाय रॉड सुटला म्हणजे एक पुढचं चाक तुमच्या ताब्यातून गेलं. घाटात खंबाटकी असो नाहीतर वरंध, तिथे मग करण्यासारखं काही उरत नाही. पार्किंगमध्ये, गल्लीत, ट्रायल घेताना मात्र गाडी उत्तम वळेल. म्हणूनच ‘बसवून दिलंय, चालवून बघा’ यावर विसंबू नका. चाक काढून पिन भोकात किती गेलीय ते डोळ्यांनी बघा. स्टिअरिंगच्या कुठल्याही जोडात स्लीव्ह, पत्र्याची पट्टी किंवा वेल्डिंग दिसलं तर गाडी तिथून ढकलत न्या.

विक्रेत्याला फोन केला, तर त्याची उत्तरं ऐकण्यासारखी होती. टाय रॉडबद्दल: ‘आरसीवर 1968 आहे ना? मग 1968 चेच दिले, आमची काय चूक?’ बॉक्सबद्दल: ‘बीटलला साल वगैरे नसतं साहेब, सगळ्यांना एकच बॉक्स, उलटा करून बसवायला सांगा मिस्त्रीला.’ एकाच फोनमध्ये सालावर बोट आणि साल खोटं, दोन्ही. चेसिस नंबर लिहून दिला होता म्हटल्यावर ‘पार्सल बदललं असेल’. मग माझा जुना बॉक्स परत द्या म्हटल्यावर ‘तो भंगारात गेला, वितळला पण असेल’.

तो वितळला नव्हता. काही आठवड्यांनी बंगळुरूच्या एका बीटलवाल्या ओळखीच्यानं मला फोटो पाठवले, त्याला विकायला आलेल्या बॉक्सचे. ‘राइट हँड, रिबिल्ट, घेऊ का?’ क्लॅम्पच्या कडेला कानशीनं केलेली खाच, आणि झाकणावर शेजारी शेजारी दोन पंचाचे ठिपके. ते ठिपके आमच्या मिस्त्रींनी स्क्रूची जागा लक्षात राहावी म्हणून मारलेले. पाठवण्याआधी काढलेले फोटो माझ्याकडे होतेच. शेजारी शेजारी ठेवून बघितले, शंकेला जागा नव्हती. सांगितलेली किंमत मी नव्यासाठी दिलेल्यापेक्षा जास्त! ओळखीच्यानं अर्थातच घेतला नाही, पण संभाषणाचे स्क्रीनशॉट दिले. तेच पुढे सगळ्यात कामाला आले.

पोलीस चौकीत ‘हा दिवाणी वाद आहे’ असं ऐकवलं गेलं. ते अपेक्षित होतं, तरी लेखी अर्ज देऊन पोच घेतली; तुम्हीही घ्या. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तिथून विक्रेत्याला विचारणा गेली आणि पहिल्यांदा त्याचा आवाज खाली आला. नंतर वकिलाची नोटीस. त्यावर त्यानं टाय रॉडचे पैसे परत केले, बॉक्सचे नाही. म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. 2019 च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, विक्रेत्याच्या दारात जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाची फी नाही. मुदत दोन वर्षांची, तेव्हा ‘बघू, देतो, पुढच्या महिन्यात’ यात ती घालवू नका. अशा माणसांना तेच हवं असतं.

त्यानं पक्कं बिल दिलंच नव्हतं, ‘एस्टिमेट’ लिहिलेला कागद दिला होता, आणि पैसे दुकानाच्या नव्हे तर एका नातेवाइकाच्या खात्यात मागितले होते. आयोगात तो याच आधारावर म्हणतोय की व्यवहार माझ्याशी झालाच नाही. माझ्या बाजूला आहे ती मेसेजची साखळी, ज्यात चेसिस नंबर, ‘राइट हँड’ हे शब्द आणि त्यानंच पाठवलेला 114 चा फोटो आहे. पार्सल उघडतानाचा व्हिडिओही आहे, कारण मिस्त्रींच्या पोरानं सवयीनं मोबाइल लावला होता. दुर्मीळ पार्ट घेताना हे सगळं हाताशी ठेवा, आणि फोटो मागताना विक्रेत्याला सांगा की पार्टशेजारी त्या दिवशीची तारीख लिहिलेला कागद ठेव. ज्याच्याकडे माल खरंच आहे त्याला याचा राग येत नाही. जुना पार्ट तर नवा बसून गाडी चालल्याशिवाय हातातून सोडूच नका. एक्सचेंजची सवलत सोडावी लागली तरी चालेल.

गाडीला आता इंग्लंडहून मागवलेला जुना, उजव्या हाताचा बॉक्स आहे. मिस्त्रींनी तो उघडून, बेअरिंग आणि सील बदलून बसवला. टाय रॉड एंड जाड पिनेचे. चाकाचा प्ले गेलाय. पितळेच्या त्या चार नळ्या आणि घासलेला बॉक्स सीलबंद करून आयोगात दाखल केलेत. समोरच्यानं आत्तापर्यंत दर वेळी पुढची तारीख मागितली आहे.