घरच्या लॅनवर आठ महिने: एका गेमच्या किती प्रती घ्याव्या लागतात?

गेले आठ महिने आमच्या घरात चार संगणक केबलने स्विच नावाच्या एका जोडपेटीला जोडून घरापुरतं नेटवर्क, म्हणजे लॅन, केलेलं आहे आणि जवळजवळ दर शनिवारी आम्ही सगळे मिळून खेळतो. सगळे म्हणजे मी, नवरा, मोठा मुलगा आणि धाकटी. सुट्टीत भाचा आला की पाच. ही मांडामांड करताना केबल कुठली घ्यावी, स्विच कुठला घ्यावा याची माहिती हवी तेवढी मिळाली. पण एक गेम विकत घेतला तर घरातल्या किती जणांनी तो एकाच वेळी खेळायचा, या साध्या प्रश्नाचं उत्तर एका जागी कुठेच मिळालं नाही. ते आम्हाला खेळता खेळता, पैसे घालवत कळलं. म्हणून हा अनुभव लिहिते आहे.

यंत्रणेबद्दल थोडक्यात. पाच पोर्टचा गिगाबिट स्विच, कॅट सिक्स केबल, दोन डेस्कटॉप, दोन लॅपटॉप. पिंग, म्हणजे एका यंत्राचा निरोप दुसऱ्याकडे जाऊन परत यायला लागणारा वेळ, कायम १ मिलिसेकंदाच्या आत. सुरुवातीला एक लॅपटॉप बाकीच्यांना दिसेना, कारण विंडोजने आमचं नेटवर्क 'पब्लिक' धरलं होतं. ते 'प्रायव्हेट' केल्यावर दिसायला लागला. भाच्याचा लॅपटॉप वायफायच्या गेस्ट नेटवर्कवर होता आणि तिथे यंत्रांना एकमेकांशी बोलू दिलं जात नाही. त्याला मुख्य नेटवर्कवर घेतलं, काम झालं. तांत्रिक अडचणी एवढ्याच. बाकी जे काही अडलं ते परवान्यापाशी अडलं.

पहिला मोठा गेम घेतला तो चौघांसाठी चार प्रती, चार वेगळी खाती, सगळं रीतसर. नाव देत नाही, कारण ही पद्धत आता कितीतरी गेममध्ये आहे. तिसऱ्या शनिवारी संध्याकाळी इंटरनेट गेलं. मला वाटलं, गेलं तर गेलं, आपण घरातल्या घरातच तर खेळणार. स्विचचे चारही दिवे हिरवे लुकलुकत होते. मोठ्या मुलाने त्याच्या खोलीतून माझ्या संगणकाला पिंग करून बघितलं, उत्तर लगेच आलं. आणि चारही पडद्यांवर एकच ओळ: सर्व्हरशी संपर्क होऊ शकत नाही. धाकटी माझ्या खुर्चीशी येऊन म्हणाली, "आई, दादा तर शेजारच्या खोलीत आहे. मग संपर्क कुणाशी होत नाहीये?"

तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. त्या गेममध्ये माझ्या संगणकावरून तिच्या संगणकाकडे जाणारी प्रत्येक चाल आधी घराबाहेर कंपनीच्या सर्व्हरवर जाते आणि तिथून परत येते. आम्ही चौघं खरोखरचे गिऱ्हाईक आहोत की नाही हेही तिथेच ठरतं. आमच्याकडे चार प्रतींचे पैसे भरल्याच्या पावत्या होत्या. तरी त्या संध्याकाळी आमच्यापैकी कुणालाही तो गेम उघडता आला नाही. दुसऱ्या दिवशी ऑनलाइन दुकानातल्या त्या गेमच्या पानावर परत गेले तेव्हा लक्षात आलं की तिथे 'ऑनलाइन मल्टिप्लेअर' लिहिलं होतं, 'लॅन' कुठेच नव्हतं. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात या दोन्हींच्या वेगवेगळ्या खुणा असतात. 'ऑनलाइन को-ऑप' (इंटरनेटवरून एका बाजूने मिळून खेळणं) म्हणजे 'लॅन को-ऑप' नव्हे. त्या दिवसापासून घरी खेळण्यासाठी गेम घेताना मी चित्रफीत बघायच्या आधी ही खूण बघते.

हे मला इतकं लागलं त्याला कारण आहे. मी आणि माझा दादा लॅनवर खेळतच मोठे झालो. आमच्याकडे स्टारक्राफ्टची एकच सीडी होती. १९९८ मध्ये आलेल्या त्या गेममध्ये 'स्पॉन' नावाची सोय होती. त्याच सीडीवरून दुसऱ्या संगणकावर एक छोटी प्रत टाकायची. त्या प्रतीत एकट्याने खेळायची मोहीम नसायची, पण मूळ प्रतीवाल्याबरोबर मल्टिप्लेअर खेळता यायचं. चोरी नाही, लपवाछपवी नाही, कंपनीनेच दिलेली वाट. त्याच्याही आधी, १९९५ च्या कमांड अँड कॉन्करच्या खोक्यात दोन सीडी येत, खेळातल्या दोन बाजूंच्या, एक जीडीआयची आणि एक नॉडची. एक मला, एक तुला, की एका खोक्यात दोघांचा खेळ सुरू. आणि याने कंपनीचं नुकसान झालं असं मला तरी वाटत नाही. स्पॉनवर खेळून खेळून दादाला मोहीम बघायची इतकी ओढ लागली की पुढे त्याने स्वतःची सीडी घेतली.

क्वेक थ्री अरीनाचं उदाहरण मला फार आवडतं. १९९९ चा गेम. इंटरनेटवर खेळायला गेलं की सीडी की, म्हणजे सीडीबरोबर मिळालेला क्रमांक, तपासली जायची. पण समोरचा पत्ता घरच्या नेटवर्कमधला असला तर सर्व्हर त्याला न तपासता आत घ्यायचा. २००५ मध्ये या गेमचा सोर्स कोड खुला झाला, त्यात ही अट सरळ वाचता येते. कुणा प्रोग्रामरने विचार करून लिहिलेली ती एक ओळ आहे: हा पाहुणा घरातलाच आहे, येऊ दे.

मग वारं फिरलं. २०१० मध्ये स्टारक्राफ्ट टू आला तो लॅनशिवाय. खेळणाऱ्यांनी आधीपासून आरडाओरडा केला होता, उपयोग झाला नाही. २०१२ मध्ये डायब्लो थ्री आला तो एकट्याने खेळायलाही इंटरनेट मागत होता आणि पहिल्याच दिवशी सर्व्हरवर इतकी गर्दी झाली की 'एरर ३७' हा शब्द जगभर माहीत झाला. स्वतःचा सर्व्हर लिहिण्याचा प्रयत्नही लोकांनी केला होता. बीनेटडी नावाचा प्रकल्प होता, बॅटलनेटच्या (स्टारक्राफ्टवाल्या कंपनीच्या ऑनलाइन खेळायच्या सेवेच्या) जागी आपल्याच यंत्रावर चालणारा. ते प्रकरण अमेरिकेत कोर्टात गेलं आणि २००५ मध्ये अपिलात निकाल प्रकल्पाच्या विरोधात लागला. कारणांपैकी एक हेच, की गेम इन्स्टॉल करताना 'मान्य आहे' वर जी टिचकी मारली होती तिच्यात असं करायला मनाई होती. आपण न वाचता पुढे जातो तो मजकूर कोर्टात उभा राहतो, हे त्या निकालाने दाखवलं.

म्हणून या आठ महिन्यांत मी ते परवाने बसून वाचले. बहुतेकांचा गाभा सारखाच असतो: तुम्हाला मर्यादित, दुसऱ्याला देता न येणारा, वैयक्तिक वापराचा परवाना मिळतो. गेम विकला जात नाही, वापरायची मुभा विकली जाते. घरातली चार माणसं म्हणजे एक 'वैयक्तिक' की चार, हे फार थोड्या ठिकाणी स्पष्ट असतं. जिथे असतं तिथे उत्तर बहुधा चार. गेम कॅफेसाठी तर वेगळाच करार लागतो. २०२५ च्या सुरुवातीपासून कॅलिफोर्नियात कायदा आहे की फक्त परवाना देत असाल तर तसं न सांगता 'विकत घ्या' म्हणू नका. तो लागू होण्याआधीच स्टीमच्या कार्टमध्ये तशी ओळ आली. ती वाचून मला बरं वाटलं. निदान आता समोर लिहिलेलं आहे.

आता प्रत्यक्ष काय चाललं ते.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो स्टीम फॅमिलीजचा. २०२४ मध्ये ही सोय सगळ्यांसाठी खुली झाली. एका कुटुंबात सहा जण, प्रत्येकाचं स्वतःचं खातं, आणि ज्याच्याकडे जे गेम आहेत ते बहुतेक सगळ्यांना खेळता येतात. काही गेम मात्र या वाटणीतून बाहेर ठेवलेले असतात. आधीच्या पद्धतीत मालक खेळायला बसला की दुसऱ्याला उठावं लागायचं. आता मी माझा एक गेम खेळत असताना मोठा माझाच दुसरा गेम खेळू शकतो. पण लॅनसाठी नेमकी हीच गोष्ट नीट समजून घ्या: एकच गेम दोघांना एकाच वेळी खेळायचा असेल तर कुटुंबात त्याच्या दोन प्रती लागतात. चौघांना चार. म्हणजे वाचनालय सगळ्यांचं, पण एक पुस्तक एका वेळी एकाच्याच हातात. मला हा नियम पटतो, कारण तो आधी सांगितलेला आहे आणि सगळीकडे तसाच लागू होतो. आम्ही आता प्रती वाटून घेतो. एका गेमची एक प्रत माझ्या खात्यावर, एक नवऱ्याच्या, आणि मग कुठलीही दोन माणसं खेळायला बसू शकतात. आधी मी मुलांच्या नावावर वेगळ्या प्रती घेत होते, ते पैसे वाचले.

यातल्या दोन अटी मुलं असलेल्या घरात विसरू नयेत. तुमच्या प्रतीवर घरातल्या कुणी चीटिंग केलं आणि बंदी आली तर त्या गेममध्ये ती बंदी तुमच्यावरही येते. हे मी दोन्ही मुलांना समोर बसवून सांगितलं. दुसरं, कुटुंबातून बाहेर पडलं तरी त्यात आल्यापासून वर्ष होईपर्यंत नव्या कुटुंबात जाता येत नाही. म्हणून भाच्याला सुट्टीपुरतं आमच्या कुटुंबात घ्यायचा मोह मी टाळला. त्याचं कुटुंब दादाकडे आहे, ते तिथेच राहू दे.

इंटरनेट नसलं तरी खेळता यावं म्हणून स्टीमचा ऑफलाइन मोड आधीच सुरू करून बघा. प्रत्येक खात्याने त्या यंत्रावर एकदा इंटरनेट असताना लॉगिन केलेलं हवं आणि गेम एकदा उघडलेला हवा. ही तयारी आम्ही शुक्रवारी रात्रीच करून ठेवतो. डाउनलोडसाठीही एक चांगली सोय आहे. २०२३ पासून एका संगणकावर उतरवलेला गेम दुसरा संगणक लॅनवरून घेऊ शकतो. ४० जीबीचा गेम इंटरनेटवरून चारदा उतरवायची गरज उरलेली नाही.

माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत 'ओपन टू लॅन' आहे आणि ते छान चालतं. फक्त प्रत्येकाचं खातं वेगळं हवं. मी घाईत मुलाचंच खातं धाकटीच्या लॅपटॉपवर टाकलं होतं. मोठ्या मुलाने जग उघडलं, ती आत जायला लागली, तर हे नाव आधीच वापरात आहे असं सांगून गेमने तिला बाहेर ठेवलं. ते योग्यच होतं. तिला तिचं खातं घेऊन दिलं. आता त्या जगात तिचं तिच्या नावाचं घर आहे, हे तिला जास्त आवडलं आहे.

एकाच प्रतीत दोघांनी खेळायच्या सरळ वाटाही आहेत. स्टारड्यू व्हॅलीत २०२० पासून पीसीवर पडदा विभागून खेळता येतं. एक संगणक, एक प्रत, दोन कंट्रोलर. लॅनवर वेगळ्या यंत्रांवरून खेळायचं तर मात्र प्रती वेगळ्या लागतात. स्टीमच्या रिमोट प्ले टुगेदरमध्ये गेम यजमानाच्याच यंत्रावर चालतो, दुसऱ्याकडे फक्त चित्र जातं आणि बटणं परत येतात. त्यामुळे प्रत एकच लागते. केबलवर ते इतकं स्वच्छ चालतं की धाकटीला फरक कळत नाही. आमच्या जुन्या लॅपटॉपला तर त्यामुळे नवा जन्म मिळाला. इट टेक्स टूमध्ये 'फ्रेंड्स पास' आहे, एकाने घ्यायचा, दुसऱ्याने फुकट जोडीदार व्हायचं. इंटरनेट लागतं, पण भावना स्पॉनचीच आहे. ज्यांनी हे ठरवलं त्यांना घरात दोघं एकत्र खेळतात म्हणजे काय हे माहीत असणार.

आणि ज्यांचा परवानाच तुम्हाला प्रती इतरांना द्यायची मुभा देतो असे गेम. ओपनटीटीडी, झिरो एडी, झोनोटिक, लुआंटी (जुनं नाव माइनटेस्ट). कितीही यंत्रांवर टाका, खातं नको, की नको, बाहेर कुणाला विचारणं नको. ज्या शनिवारी आमचं इंटरनेट गेलं त्याच रात्री नवऱ्याने पेन ड्राइव्हवरून झिरो एडी चारही संगणकांवर टाकला. वीस मिनिटांत आम्ही खेळत होतो. ओपनआरए या खुल्या प्रकल्पामुळे तर कमांड अँड कॉन्कर आणि रेड अलर्ट आजच्या विंडोजवर लॅनवर चालतात. मूळ गेमला आयपीएक्स ही नेटवर्कवर बोलायची जुनी पद्धत लागायची आणि विस्टापासून विंडोजमध्ये ती उरलेलीच नाही. भाचा आणि मोठा दोघं नॉड घेण्यावरून भांडत होते तेव्हा मला दादाची आठवण आली.

लॅनचा आग्रह मी धरते त्यात उद्याचाही विचार आहे. २०१४ च्या मे अखेरीस खेळाडूंना इंटरनेटवर जोडून देणारी गेमस्पायची सेवा बंद झाली तेव्हा तिच्यावर चालणाऱ्या कितीतरी गेमचं ऑनलाइन खेळणं बंद पडलं. त्यातले ज्यांच्यात लॅन होतं ते घरात खेळता येत राहिले. २०२४ च्या मार्च अखेरीस द क्रू या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमचे सर्व्हर बंद झाले आणि तो गेम एकट्यालाही खेळता येईना. त्यावरूनच 'स्टॉप किलिंग गेम्स' ही चळवळ उभी राहिली आणि युरोपात तिच्या मागणीवर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. मागणी साधी आहे: दुकान बंद करताना गेम खेळण्याजोगा ठेवून जा. घरच्या नेटवर्कवर चालणारा मोड गेममध्ये असेल तर ही अर्धी मागणी तिथेच भागते.

ज्या गेमने त्या संध्याकाळी आम्हाला बाहेर ठेवलं, त्याच्या कंपनीला मी पत्र लिहिलं. चारही प्रतींचे क्रमांक दिले आणि विचारलं की हवी तर महिन्यातून एकदा इंटरनेटवर खाती तपासा, पण घरात लॅनवर खेळू द्याल का. सूचना नोंदवली आहे असं उत्तर आलं. गेम अजून चारही संगणकांवर आहे, कारण तो खरंच सुंदर आहे आणि इंटरनेट असलं की आम्ही तो खेळतोही. पण त्याचा नवा भाग आला तेव्हा मी दुकानातलं पान उघडलं, खुणांची यादी खालपर्यंत बघितली, लॅन नव्हतं. पान बंद केलं. या शनिवारी ओपनटीटीडी आहे, धाकटी होस्ट.