अपूर्णांक पट्ट्यांचा संच : सात महिन्यांचा अनुभव

१/१२ ची आणखी एक पट्टी आज सकाळपासून सापडत नाही, म्हणून लिहायला बसले.

जूनमध्ये लातूरच्या गंजगोलाईतून ५१ तुकड्यांचा हा संच घेतला, ३८० रुपयांना. एका अख्ख्या पट्टीचे अर्धे, तिसरे, चौथे असे बाराव्यापर्यंतचे भाग त्यात असतात. तेवढ्यात लेकीच्या कितीतरी वह्या आल्या असत्या. दुसऱ्याच महिन्यात डब्याचं झाकण ढिलं झालं आणि बारांशाची पहिली पट्टी हरवली. दुकानदार म्हणाला, सुटी मिळत नाही, पूर्ण संच घ्या. नखाएवढ्या तुकड्यासाठी परत ३८०! शेवटी लग्नपत्रिकेचा जाड कागद कापून पट्टी केली. ती अजून टिकून आहे.

सुरुवातीला पैसे पाण्यात गेले असंच वाटायचं. पाचवीतली लेक पट्ट्यांची घरं बांधायची आणि वहीत १/३ + १/४ = २/७ लिहायची. लसावि काढता यायचा, पण तो कशासाठी काढायचा हे कळलेलं नव्हतं.

महालक्ष्म्यांच्या सुट्टीत माझं मत बदललं. तिने १/३ आणि १/४ च्या पट्ट्या एकापुढे एक ठेवल्या आणि खाली बाकीच्या लावून बघू लागली. पाचवे भाग जुळेनात, सहावे जुळेनात. बारांशाच्या मात्र बरोबर सात बसल्या, चार तृतीयांशाखाली आणि तीन चतुर्थांशाखाली. "आजोबा, सातबारा!" म्हणून ओरडली. मग स्वतःच म्हणाली, १/३ म्हणजे दोन षष्ठांश, सातवा भाग तर सहाव्याहून लहान, म्हणजे माझं २/७ एकट्या १/३ पेक्षाही कमी होतं की!

त्या दिवशी ३८० रुपये वसूल झाले. पण एक राग जात नाही. डब्यात पाचवे भाग आहेत, आठवे आहेत, पण १/५ + १/८ मोजायला चाळिसावे नाहीत. १/६ + १/८ ला चोविसावे लागतात, तेही नाहीत. सातवे, नववे तर मुळातच नाहीत. बाराच्या पुढे डबाच संपतो, आणि मुलं अडतात ती नेमकी तिथेच.

ते कोडं सासऱ्यांनी सोडवलं. ओट्यावर बसून ऐकत होते. म्हणाले, "अगं बाई, एकराचे गुंठे कर की." एकर ४० गुंठ्यांचा. पाचवा हिस्सा ८ गुंठे, आठवा ५ गुंठे, झाले १३. उत्तर १३/४०. लसावि हा शब्द त्यांनी कधी ऐकलेला नाही, पण वाटण्या मात्र पुष्कळ केल्या आहेत. एकराचा तिसरा हिस्सा आला की गुंठे पूर्ण निघत नाहीत, तेव्हा पुन्हा पट्ट्या काढतो.

चोविसाव्यांसाठी लेकीने आलेख कागदावर २४ चौकटींची पट्टी आखली. खर्च काहीच नाही.

घ्यायचा असेल तर घ्या, पण दुकानातच झाकण चार-पाच वेळा उघडून लावून बघा. बारांश मोजून घ्या, आणि घरी आल्यावर त्यांना वेगळी पिशवी करा.