ट्रंपेट-पियानोवर स्कॉटिश धुना: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

स्कॉटिश धुनांवर बेतलेल्या ट्रंपेट-पियानोच्या रचनांचा एक संग्रह मी जूनमध्ये मागवला. आता फेब्रुवारी संपत आलाय. पियानोवर धाकटी बहीण असते, आणि एखाद-दुसरा रविवार सोडला तर आम्ही त्यातलं काही ना काही वाजवलंच आहे.

पहिल्याच महिन्यात लिहायला बसलो असतो तर 'सोपं आहे, घ्या' एवढंच लिहिलं असतं. कागदावर ते सोपं दिसतंच. बऱ्याच धुना पाच स्वरांत बसणाऱ्या, फार वर न जाणाऱ्या. 'ऑल्ड लँग साइन' ही निरोपाची धून तर सरळ भूपाच्या स्वरांत आहे. खडकवासल्याला एनडीएच्या, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, दीक्षान्त संचलनात 'अंतिम पग'च्या, म्हणजे शेवटच्या पावलाच्या, वेळी हीच धून वाजते, त्यामुळे ती कानात आधीपासूनच होती.

अडलो ते स्ट्रॅथस्पेला. स्पे नदीच्या खोऱ्यावरून नाव पडलेला हा चार मात्रांचा नाच. त्यातला झटका असा, की आखूड स्वर आधी, लांब नंतर, आणि जोर आखूड स्वरावर. बँडमध्ये माझी सगळी सवय याच्या उलट, लांब आधी आणि आखूड नंतर. ट्रंपेटवर स्वर जिभेने फुंक तोडून सुटे करायचे असतात; सहा आठवडे ती जीभ ऐकेना. शेवटी ट्रंपेट बाजूला ठेवून टाळी देत नुसतं तोंडाने म्हणत बसलो, तेव्हा कुठे ते अंगात उतरलं. नव्याने सुरू करणाऱ्याने आधी हेच करावं, महिनाभर वाचेल.

मग कणस्वर, म्हणजे मुख्य स्वराआधी निसटते लागणारे स्वर. पानापानावर बारीक अक्षरात पेरलेले. ते मूळचे बॅगपाइपचे. बॅगपाइपमधून हवा अखंड वाहत असते, वादकाला मध्येच आवाज तोडता येत नाही. एकच स्वर दोनदा वाजवायचा तर मध्ये दुसऱ्या स्वराचा कण घालावाच लागतो. म्हणजे पाइपवाल्याची ती गरज आहे, ट्रंपेटवर तेच काम जीभ करते. मी मात्र प्रत्येक कणावर जीभ मारत होतो आणि धून खडबडीत होत होती. आता फुंक एकच ठेवतो आणि फक्त बोटांखालचे व्हॉल्व्ह हलवतो. जिथे तेवढ्याने भागत नाही तिथे कण सरळ गाळतो. धुनेचं काही बिघडत नाही, उलट ती मोकळी होते.

पियानोचा भाग या संग्रहाचं खरं बळ आहे. डाव्या हातात सा-प धरलेला, तानपुऱ्यासारखा. त्यावर कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, एक स्वर खाली, कोमल निषादावर उतरते आणि परत वर येते. बहिणीला आधी ती छपाईची चूकच वाटली. पण पाइपला मुळात नऊच स्वर, मंद्रातल्या कोमल नीपासून तार सापर्यंत, म्हणजे आपला खमाज थाट. हे कळल्यावर तिने तो उतार असा काही वाजवला की मी वाजवायचं विसरून ऐकत राहिलो.

तक्रारी दोन. ट्रंपेटला विश्रांती जवळजवळ नाहीच. दुसऱ्या पानावर ओठ गळतात. आम्ही धुनेची दुसरी फेरी पियानोला देऊन टाकली. आणि रील या जलद नाचाच्या ऐन वेगात पियानोवाल्याला पान उलटायला लावलंय, त्या पानाची झेरॉक्स काढून चिकटवावी लागली. घरातला पियानो जुना असेल तर ट्रंपेटची ट्यूनिंग स्लाइड, म्हणजे सूर जुळवायची सरकती नळी, बरीच बाहेर ओढायची तयारी ठेवा. आमचा कोरड्या हवेत आणखी उतरतो.

जलद नाचांसाठी मी हा संग्रह कुणाला सुचवणार नाही. फिडलच्या, म्हणजे व्हायोलिनच्या, तारांवरच्या उड्या ट्रंपेटला जाचतात. घ्यावा तो संथ धुनांसाठी. पर्थशायरचा फिडलवादक नील गाऊ (1727–1807) याने दुसऱ्या पत्नीच्या मृत्यूनंतर रचलेला विलाप यात आहे. तो मेजर स्केलमध्ये, म्हणजे शुद्ध स्वरांत, आहे, कुठेही रडत नाही, आणि म्हणूनच घसा दाटतो. मी तो कप म्यूट, म्हणजे आवाज मऊ करणारं झाकण, लावून वाजवतो. फिडलचा गज जे ओढून नेतो ते इथे श्वासावर पेलायचं असतं. शेवटची ओळ एका श्वासात व्हावी म्हणून नोव्हेंबरपासून रोज सकाळी लांब स्वर धरतोय. मागच्या रविवारी दोन मात्रांनी राहिली.