काळ्या मातीवरील घरासाठी राफ्ट फाउंडेशन: सल्लागाराच्या कामाचा अनुभव

लातूरजवळच्या आमच्या प्लॉटवर पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी काळी माती असल्यामुळे, स्ट्रक्चरल सल्लागारांनी आधी माती परीक्षण करवून सुट्या फुटिंगऐवजी (प्रत्येक खांबाखालच्या वेगळ्या पायाऐवजी) संपूर्ण घराखाली 450 मिलिमीटर जाडीचा राफ्ट, म्हणजे काँक्रीटचा एकसंध पाया, सुचवला. काळी माती काढून थराथराने दाबलेला मुरूम, त्यावर पीसीसी (सळई नसलेल्या साध्या काँक्रीटचा थर) आणि मग सळईच्या दोन जाळ्या, हा क्रम त्यांनी काटेकोरपणे पाळला. वरची जाळी खचू नये म्हणून लावलेल्या खुर्च्या (सळईचे आधार) आणि खालची जाळी उचलून धरणारे 50 मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक (छोटे ठोकळे) त्यांनी स्वतः वाकून तपासले, हे मला विशेष भावले. परीक्षणाचा अहवाल मात्र तीन आठवडे उशिरा मिळाला आणि सळईचा खर्चही वाढला. तरी दोन पावसाळ्यांनंतर एकाही भिंतीला तडा गेलेला नाही.